कोठीच्या किल्ल्या

बाळंतिणीची खोली हा इतिहासकारांनी क्वचितच ओलांडलेला उंबरठा आहे. राजपुत्र कोणत्या साली जन्मला, त्याच्या जन्माच्या आनंदात किती तोफा उडाल्या, हत्तीवरून साखर कशी वाटली, हे बखरी सांगतात. त्याला जन्म देणारी स्त्री त्यानंतरच्या रात्री आढ्याकडे डोळे लावून काय विचार करीत होती, याची नोंद कोणी ठेवली नाही. आपल्याकडे बाळंतिणीच्या शरीराची काळजी मात्र किती बारकाईने घेतली गेली! शेक, धुरी, तेलाचे मर्दन, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, काढे, कानाला बांधायचा रुमाल, सव्वा महिन्याचे पथ्य. यांतले काही राहून गेले तर तो सासर-माहेरच्या अब्रूचा प्रश्न होई. तिचे मन बिघडले तर मात्र ‘वारे लागले’, ‘बाहेरचे झाले’ अशा दोन शब्दांत निकाल लावून माणसे मोकळी होत.

ही तऱ्हा केवळ आपल्यापुरती नव्हती. ग्रीक वैद्य हिपोक्रातिस याच्या नावावर असलेल्या ग्रंथांत प्रसूतीनंतर ताप चढून बरळू लागलेल्या स्त्रियांच्या नोंदी आहेत. पण त्या वैद्यांनी बाहेरून पाहून केलेल्या आहेत. आम्हांला शोध आहे तो आतून आलेल्या आवाजाचा. असा एक आवाज इंग्लंडमध्ये सहाशे वर्षांपूर्वीचा उपलब्ध आहे, आणि तो ख्रिस्तसभेच्याच एका कन्येचा आहे.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर नॉर्फक परगण्यात लिन नावाचे बंदर आहे. मध्ययुगात ते बिशपांच्या अमलाखाली असल्याने त्याला ‘बिशप्स लिन’ म्हणत. तेथील व्यापारी आणि पाच वेळा नगराध्यक्ष झालेला जॉन ब्रनम याच्या घरी १३७३च्या सुमारास मार्जरी ही मुलगी जन्मली. विशीत तिचा विवाह जॉन केम्प या गृहस्थाशी झाला आणि लवकरच तिला दिवस गेले. गर्भारपणात ती फार आजारी होती. प्रसूती कठीण गेली, आपण आता जगत नाही असे तिला वाटू लागले. तिच्या मनात लहानपणापासूनचे एक पाप सलत होते, जे तिने कधीही पापनिवेदनात उच्चारले नव्हते. ते कोणते, हे तिने शेवटपर्यंत कोणास सांगितले नाही, आणि ते खोदून काढण्याचा आधुनिक अभ्यासकांचा उत्साह आम्हांला तरी अस्थानी वाटतो. तिने धर्मगुरूंना बोलावणे धाडले. ते आले. तिने बोलायला आरंभ केला. परंतु मूळ गोष्ट ओठांवर येण्यापूर्वीच धर्मगुरूंनी घाईने तिची खरडपट्टी काढावयास सुरुवात केली. ती जी गप्प झाली ती झालीच. एका बाजूस नरकाचे भय, दुसऱ्या बाजूस धर्मगुरूंच्या शब्दांचा धाक, या कात्रीत ती भ्रमिष्ट झाली.

हे भ्रमिष्टपण सहा महिने, आठ आठवडे आणि वर काही दिवस टिकले. मुदतीचा एवढा नेमका हिशेब देणारी ही बाई व्यापाऱ्याची लेक शोभते खरी! त्या काळात तिला अग्निज्वाळा ओकणारी भुते दिसत, ती तिला देवाला, मातापित्यांना, आप्तांना नाकारावयास सांगत. तिने नवऱ्याची, मैत्रिणींची आणि स्वतःची निंदा केली. जीव देण्याचा विचार तिच्या मनात कित्येकदा आला. स्वतःच्या हाताला तिने असा चावा घेतला की त्याचा व्रण जन्मभर राहिला. नखांनी उरावरची कातडी ओरबाडली. अखेर तिला रात्रंदिवस बांधून ठेवावे लागले.

एके दिवशी रखवालदार दूर गेलेले असताना, जांभळा रेशमी झगा ल्यालेला प्रभू येशू आपल्या बिछान्याच्या काठावर येऊन बसला, असे तिने पाहिले. मी तुला कधी टाकले नव्हते, मग तू मला का टाकलेस, अशा आशयाचे तो बोलला. तिचे चित्त ताळ्यावर आले. आणि त्यानंतर तिने पहिली गोष्ट कोणती केली असेल? नवरा खोलीत येताच तिने त्याच्याकडे कोठीच्या किल्ल्या मागितल्या; पूर्वीप्रमाणे आपले खाणेपिणे आपल्या हाताने घ्यावे म्हणून. दासी आणि राखणदार म्हणाले, देऊ नका, ती घरातले असेल नसेल ते वाटून टाकील, काय बोलते ते तिला कळत नाही. जॉन केम्पच्या मनात तिच्याविषयी सदैव माया होती. त्याने किल्ल्या द्यावयास सांगितले. ती जेवली, माणसे ओळखू लागली, संसाराला लागली.

आजचा मनोविकारतज्ज्ञ ही कथा वाचून ‘प्रसूतीनंतरचा तीव्र मनोविकार’ असे निदान सहज लिहील. असे निदान करण्याचा मोह आवरावा असेही काही अभ्यासक म्हणतात, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मार्जरीला तो अनुभव ईश्वराकडे नेणारा दरवाजा वाटला, आणि तिचे पुढचे सारे आयुष्य, यरुशलेम, रोम आणि स्पेनमधील सांतियागो येथील यात्रा, अश्रूंचे ते अनावर लोट, त्याच दरवाजातून गेले. आमचे लक्ष मात्र दोन माणसांकडे जाते. एकाने तिचे बोलणे पुरे होऊ दिले नाही. दुसऱ्याने चार जणांचा सल्ला बाजूला सारून तिच्या हाती किल्ल्या दिल्या.

मार्जरीला चौदा मुले झाली. तिला लिहिता येत नसे. म्हातारपणी तिने आपले चरित्र लेखनिकांकडून लिहवून घेतले, आणि एका धर्मगुरूने १४३६ पासून त्याची नीट प्रत करावयास घेतली. त्या चरित्रात पुढे एक प्रसंग येतो, तो आम्हांला पहिल्याहूनही थोर वाटतो. लिनमधील सेंट मार्गारेटच्या मंदिरात एक मनुष्य गुडघे टेकून हात चोळीत असलेला तिला दिसला. त्याची बायको नुकतीच बाळंत झाली होती आणि तिचे भान हरपले होते. ती नवऱ्याला ओळखत नव्हती, शेजाऱ्यांना ओळखत नव्हती, ओरडत होती, मारावयास आणि चावावयास धावत होती. मार्जरी त्याच्याबरोबर घरी गेली. ती आत येताच बाळंतीण तिच्याशी शांतपणे बोलू लागली. तुझ्याभोवती मला देवदूत दिसतात, तू जाऊ नकोस, म्हणाली. इतर कोणी आले की तिला भुते दिसत आणि ती किंचाळत सुटे. शेवटी लोकांना तो आक्रोश ऐकवेना, म्हणून तिला गावाच्या पार टोकाला एका खोलीत हलवून हातापायांत लोखंडी साखळ्या घातल्या. मार्जरी तेथे दिवसातून एकदा-दोनदा जात राहिली. कितीतरी दिवसांनी त्या बाईचे चित्त ठिकाणावर आले, आणि इतर बाळंतिणींप्रमाणे तिलाही मंदिरात नेऊन प्रसूतीनंतरचा आशीर्वाद देण्यात आला. हा विधी द्वितीय व्हॅटिकन परिषदेपूर्वी सर्वत्र प्रचलित होता. पवित्र मारिया बाळ येशूला घेऊन मंदिरात गेली त्याची आठवण त्यात असे. वेड लागलेली म्हणून गावाबाहेर काढलेल्या स्त्रीला तो मिळणे म्हणजे ती पुन्हा गावची झाल्याची द्वाही होती.

हे हस्तलिखित पुढे यॉर्कशरमधील माउंट ग्रेस येथील कार्थुसियन मठात होते. मठ बंद पडल्यावर ते दिसेनासे झाले. १९३४ साली बटलर-बाउडन या जुन्या कॅथलिक घराण्याच्या कपाटातून ते बाहेर आले. टेबल टेनिसचे साहित्य शोधताना ते हाती लागले असे सांगतात. आज ते ब्रिटिश ग्रंथालयात आहे.

मार्जरीच्या घरी तिला सांभाळणारी माणसे होती, पैसा होता. ज्या बाळंतिणीपाशी यांतले काहीच नाही, जिच्या दुःखाला ऐकणारे माणूस मिळत नाही, ती आपल्या दुःखावर काय उतारा शोधते, हे पाहावयाचे तर तीनशे वर्षे पुढे येऊन लंडनच्या गल्ल्यांत शिरावे लागते.

सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडने फ्रेंच ब्रँडीची आयात रोखली आणि देशी धान्यापासून मद्य गाळण्यास मोकळीक दिली. पाहता पाहता जिन ही दारू बिअरपेक्षा स्वस्त झाली. किराण्याच्या दुकानात, तळघरात, हातगाडीवर ती मिळे. बिअरचे गुत्ते पुरुषांचे होते. जिन मात्र बायकाही पीत आणि विकतही. तिची टोपणनावेसुद्धा बायकी पडली. ‘मॅडम जिनिव्हा’ हे त्यांतले एक. खेड्यातून चाकरीसाठी आलेल्या, नात्यागोत्यापासून तुटलेल्या तरुण स्त्रिया थंडी आणि भूक यांवर जिनचा घोट घेत. गरोदर असतानाही घेत.

१७२६ साली लंडनच्या राजवैद्यक महाविद्यालयाने पार्लमेंटकडे एक अर्ज केला. या दारूपायी अनेक रोग होतात, हे तर त्यात होतेच. शिवाय ती दुबळ्या आणि रोगट संततीचे कारण होते, असेही त्या वैद्यांनी स्पष्ट नोंदविले होते. गर्भातील मुलावर मद्याचा परिणाम होतो हे एवढ्या अधिकृतपणे सांगितले गेल्याला आता तीनशे वर्षे झाली. पण लोकांच्या स्मरणात तो अर्ज राहिला नाही. राहिले ते १७३४ सालचे ज्युडिथ डिफोर हिचे प्रकरण. तिने गरिबांसाठीच्या कामगृहातून (वर्कहाउसमधून) आपली लहान मुलगी बाहेर आणली, तिच्या अंगावरच्या नव्या कपड्यांसाठी तिचा गळा आवळला आणि ते कपडे विकून जिन घेतली. तिला फाशी झाली. आणि राहिले ते विल्यम होगार्थचे १७५१ सालचे ‘जिन लेन’ हे चित्र. त्याच्या मध्यभागी पायऱ्यांवर एक फाटकी बाई बसली आहे. पायांवर फोड, चेहऱ्यावर मूर्खासारखे हसू, हातात तपकिरीची चिमूट. आणि तिच्या मांडीवरून मूल खाली कोसळत आहे. चित्रात नशा केलेले पुरुषही पुष्कळ आहेत. पण ज्याने हे चित्र एकदा पाहिले त्याला तीच आई आठवते. होगार्थच्या हेतूविषयी आम्हांला शंका नाही; तो गरिबांचा कैवारी होता आणि त्याच वर्षीच्या कायद्याने जिनची किरकोळ विक्री खरोखर आवरली गेली. तरीही त्या चित्राने एक चूक रूढ केली. व्यसनी आई म्हणजे राक्षसीण, ही प्रतिमा एवढी ठळक झाली की तिला काही विचारावे, असे पुढे कोणाला सुचेना.

सुचले ते एका तुरुंगाच्या डॉक्टराला. लिव्हरपूलच्या तुरुंगातील विल्यम सलिव्हन याने १८९९ साली मद्यासक्त १२० स्त्रियांची आणि त्यांच्या ६०० मुलांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतली निम्म्याहून अधिक मुले मृत जन्मली किंवा तान्हेपणीच दगावली होती. त्याच स्त्रियांच्या दारू न पिणाऱ्या नातलग बायकांची मुले त्याने तुलनेसाठी घेतली. त्यांच्यातील मृत्यू निम्म्याहूनही कमी होते. म्हणजे दोष रक्ताचा वा घराण्याचा नव्हता. गरोदरपण तुरुंगात गेल्यामुळे जिला दारू मिळाली नाही, अशा आईचे मूल धडधाकट निपजल्याचेही त्याने पाहिले. एवढे असूनही विसाव्या शतकाने हा विषय पुन्हा गाडून टाकला. १९६७ नंतर काही वर्षे तर अवेळी सुरू झालेल्या कळा थांबविण्यासाठी खुद्द रुग्णालयांतच गर्भवतींना शिरेवाटे मद्यार्क दिला जाई! फ्रान्समधील नांत शहरात पॉल लेमोआन याने १९६८ साली मद्यासक्त मातापित्यांच्या १२७ मुलांचे वर्णन केले, त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. १९७३ साली अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथील जोन्स आणि स्मिथ या डॉक्टरांनी मद्याने होणाऱ्या या गर्भदोषाला नाव दिले, तेव्हा जगाचे डोळे उघडले. चेहऱ्याची विशिष्ट ठेवण, खुंटलेली वाढ, मेंदूची अपुरी घडण. त्यावर औषध नाही. मद्याचे अमुक एक प्रमाण गर्भाला निर्धोक आहे असे आज कोणताही जाणता डॉक्टर सांगत नाही.

आपल्या वाचकांना वाटेल, जिन आणि लंडन आपल्यापासून लांब आहेत. तेव्हा आता मुंबईकडे वळू.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या कापडगिरण्यांत हजारो स्त्रिया काम करीत. बहुतेक कोकणातल्या आणि घाटावरच्या. माहेरची माणसे गावी, नवरा दुसऱ्या खात्यात, आणि बिऱ्हाड चाळीतल्या एका खोलीत, तेही पुष्कळदा दोन-तीन कुटुंबांत मिळून. बाळंतपणानंतर रजा म्हणजे पगार नाही आणि पगार नाही म्हणजे वाण्याची उधारी. म्हणून बाई थोड्याच आठवड्यांत पुन्हा साच्यापाशी उभी राही. तान्हे मूल एखाद्या म्हातारीपाशी किंवा सहा-सात वर्षांच्या बहिणीपाशी. ते दिवसभर रडू नये यावर उपाय होता ‘बाळागोळी’. दाण्याएवढी गोळी, तीत अफू. गोळी दिली की मूल निजे. त्याची भूकही त्याच्याबरोबर निजे, हा त्यातला घात. दूध कमी, वाढ नाही, बद्धकोष्ठ, आणि एके दिवशी गोळी जरा मोठी झाली की श्वासच मंद होत जाई.

१९२०च्या दशकाच्या आरंभी मुंबई सरकारने गिरणीतील स्त्रियांच्या बाळंतपणाची चौकशी डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांकडे सोपविली. त्या चाळींतून हिंडल्या. कामगार स्त्रियांच्या शंभरातील अठ्ठ्याण्णव तान्ह्या मुलांना अफू दिली जाते, असे त्यांनी नोंदविले. हा आकडा त्या वेळी गाजला आणि त्यावरून ‘अडाणी हिंदी माता’ यांच्यावर पुष्कळ शाई खर्च झाली. शाई खर्च करणाऱ्यांना आपल्या घरचा इतिहास ठाऊक नसावा. मँचेस्टर-नॉटिंगहॅमच्या कामगार आया शंभर वर्षे ‘गॉडफ्रीज कॉर्डियल’ या नावाने मुलांना हीच अफू पाजीत होत्या, आणि अमेरिकेत ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ या सुंदर नावाखाली मॉर्फीन खपत होते. आईचा धर्म, वर्ण, भाषा बदलली तरी गोळी बदलली नाही, कारण गिरणीचा भोंगा सगळीकडे सारखाच होता. शिवाय त्या अठ्ठ्याण्णव आयांचे मन कसे होते, हे विचारणारा रकाना कोणत्याही चौकशीच्या तक्त्यात नव्हता. पान्हा दाटून साडी भिजत असताना तीन मैलांवर मूल अफूच्या गुंगीत पडले आहे, हे ठाऊक असणारी बाई संध्याकाळपर्यंत सूत जोडीत राहते, तिला रात्री झोप कशी लागत असेल?

या गोळीवर खरा उतारा अफूबंदीचा नव्हता, रजेचा होता. मुंबई विधिमंडळात प्रसूतिसाहाय्याचे विधेयक आले तेव्हा २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याची बाजू मांडली. प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळण्यात राष्ट्राचे हित आहे, म्हणून तिचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ साली मुंबईचा प्रसूतिसाहाय्य कायदा झाला. देशातला तो पहिला. प्रसूतीच्या मागचे-पुढचे मिळून काही आठवडे रोज आठ आणे भत्ता, एवढेच त्यात होते. पण ते ‘एवढेच’ किती मोठे होते हे चाळीतल्या बाईला विचारावे. त्याला दुसरी बाजूही आहे. पुढील दशकांत गिरणीमालकांनी बायकांना कामावर घेणे कमी केले आणि त्याचे एक कारण हा खर्च, असे अभ्यासक दाखवितात. देशभराचा कायदा १९६१ साली आला आणि २०१७च्या दुरुस्तीने पगारी रजा सव्वीस आठवड्यांची झाली. परंतु ती आस्थापनेच्या हजेरीपटावर नाव असलेल्या स्त्रीची. भाजीची पाटी घेऊन पहाटेच्या लोकलने जाणाऱ्या बाईला अजूनही तिचा उपयोग नाही.

बाळागोळी गेली, मशेरी राहिली. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि बोटाने दातांना लावायची. हिला नशा म्हणावे हे आपल्या घरांतून कोणाला पटत नाही, कारण आजी लावीत असे. गरोदर बाई तर अधिकच लावते. मळमळ थांबते, पोट साफ होते, चार घटका डोके हलके होते. मुंबईत घरोघर जाऊन केलेला एक अभ्यास २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १,२१७ गरोदर स्त्रिया होत्या. मशेरी अथवा धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या आयांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने कमी वजनाची भरली आणि सुमारे सहा दिवस आधी जन्मली. सरासरीतले १०५ ग्रॅम म्हणजे थोडेच, असे कोणी म्हणेल. मुळात दोन-अडीच किलोच्या बाळाच्या बाबतीत ते थोडे नसते. येथेही आम्हांला ‘चार घटका डोके हलके होते’ हे कारण बाकीच्या कारणांहून विचार करण्याजोगे वाटते. डोके जड कशाने झाले होते?

हा प्रश्न वैद्यकाने नीट विचारावयास फार उशीर केला. फ्रान्समधील लुई-व्हिक्तोर मार्से याने १८५८ साली गर्भवती, बाळंतीण आणि अंगावर पाजणारी आई यांच्या मनोविकारांवर पहिला मोठा ग्रंथ लिहिला. परंतु वेडाची इस्पितळे बाळंतिणीला घेत तेव्हा मूल बाहेर ठेवावे लागे. आईला औषध आणि मुलाला आईवेगळेपण, असा तो सौदा होता. इंग्लंडमधील कॅसल रुग्णालयात टॉमस मेन याने १९४८ साली एका आईला तिच्या मुलासह दाखल करून घेतले आणि तेव्हापासून आई-बाळ एकत्र ठेवून उपचार करण्याची कल्पना रुजली. १९८७ साली एडिंबरो येथे कॉक्स, होल्डन आणि सॅगोव्हस्की यांनी दहा साध्या प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. हसू येते का, उगाच भीती वाटते का, रडू येते का, जिवाचे बरेवाईट करावेसे वाटते का. परिचारिकेलाही विचारता येतील असे प्रश्न.

ती प्रश्नावली कोंकणीत उतरली आणि गोव्यात वापरली गेली. म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात तपासणीसाठी येणाऱ्या २७० गरोदर स्त्रियांना डॉ. विक्रम पटेल, रॉड्रिग्ज आणि डिसूझा यांनी आपल्या अभ्यासात घेतले; तो २००२ साली प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांच्यापैकी शंभरात तेवीस जणींना नैराश्याचा विकार असल्याचे आढळले. त्यांतल्या बहुतेक जणींचे मन गरोदरपणातच खचलेले होते. म्हणजे ‘बाळंतपणाने झाले’ हे अर्धेच खरे. कारणे शोधता गरिबी सापडली, नवऱ्याशी न पटणे सापडले आणि मुलगी झाली हे सापडले. हे कारण वाचून आम्ही पान काही वेळ तसेच उघडे ठेवले. मुलगी झाल्याचे पेढे आपल्याकडे हल्ली वाटले जातात. बर्फी की पेढा हा भेद कोणी करीत नाही, असे आपण अभिमानाने सांगतो. पेढा वाटताना सासूने सोडलेला निःश्वास बाळंतिणीला खोलीत ऐकू जातो.

त्याच गटाचा पुढचा अभ्यास २००३ साली आला. त्याच्या शीर्षकातच आयांचे ऐकणे हे शब्द आहेत. या आयांशी घरी जाऊन निवांत बोलले गेले, तेव्हा असे दिसले की आपल्याला आजार आहे असे त्यांना वाटतच नव्हते. अंग दुखते, झोप नाही, भूक नाही, काळजी फार. हे सारे त्यांनी संसाराच्या खात्यावर मांडले होते. बाईच्या जन्माला आलो म्हणजे हे आलेच. म्हणूनच त्या डॉक्टरकडे गेल्या तरी डोकेदुखीची गोळी घेऊन परतत.

आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांसाठी येथे थोडे स्पष्ट लिहितो. बाळंतपणानंतर पहिल्या आठवड्यात रडू येणे, मन भरून येणे हे निम्म्याहून अधिक जणींना होते आणि दोन आठवड्यांत ओसरते. त्याला विश्रांती आणि माया पुरते. ते ओसरत नाही, बाळाविषयी काही वाटेनासे होते, आपण नालायक आई आहोत असे मनात घोळत राहते, तेव्हा तो नैराश्याचा आजार असतो. त्याला समुपदेशन आणि गरज पडल्यास औषध लागते, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने अंगावर पाजत असतानाही घेता येतील अशी औषधे आहेत. मार्जरीसारखी अवस्था हजार बाळंतपणांत एखाद-दोघींची होते. झोप पूर्ण उडते, नसलेले दिसू-ऐकू लागते, बोलणे भलतेच होते. अशा बाईला नवस, अंगारा वा नुसत्या प्रार्थनासभेवर न ठेवता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. त्यात तिचा आणि बाळाचा जीव गुंतलेला असतो. दारू किंवा तंबाखू सोडू पाहणाऱ्या गर्भवतीला रागे भरल्याने ती व्यसन लपवू लागते आणि डॉक्टरलाही सांगत नाही. २०२२ पासून सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनीसेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते.

बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेत २००९ साली आई-बाळांसाठी स्वतंत्र विभाग सुरू झाला. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात तर असे कलमच आहे, की मनोरुग्णालयात उपचार घेणाऱ्या आईपासून तिचे तीन वर्षांखालील मूल सहसा तोडू नये. तिच्या आजारामुळे मुलाला धोका असेल तरच तात्पुरते दूर करावे. कायदा झाला तरी असे विभाग देशात बोटांवर मोजण्याइतकेच आहेत, आणि आमच्या भागातील बाळंतिणीला त्यासाठी लांबचा प्रवास करावा लागेल, ही वस्तुस्थिती आहे. निम्हान्सच्या विभागात एक गोष्ट मात्र पाश्चात्त्य देशांतील अशा विभागांत सहसा न आढळणारी आहे. तेथे आई आणि बाळ यांच्याबरोबर घरातील एक बाईमाणूसही मुक्कामाला असते. बहुधा बाळंतिणीची आई, कधी बहीण, कधी सासू. बाळाला न्हाऊ-माखू घालणे, दूध पाजणे ही कामे आजारी आईच्या हातून, जसजशी ती सावरेल तसतशी, हळूहळू पुन्हा करवून घेतली जातात, आणि सोबतीण शेजारी बसून ते पाहते.